असंहित जंघास्थिभग्न : चिकित्सेचे पर्याय आणि वैद्याचे कर्तव्य

आपल्या चिकित्सालयात नेहमी दिसणारे एक चित्र प्रथम डोळ्यांसमोर आणू या. दुचाकीच्या अपघातात नडगीचे हाड मोडलेला चाळिशीचा रुग्ण कुबड्या घेऊन येतो. अपघातास सात-आठ महिने उलटलेले असतात. सळई बसवलेली असते किंवा प्लास्टर निघालेले असते. परंतु पायावर भार दिला की कळ येते. क्ष-किरण चित्रात भग्नरेषा अजूनही स्पष्ट दिसते. शस्त्रकर्म पुन्हा करावे लागेल, असे सांगितल्यामुळे रुग्ण घाबरलेला असतो आणि म्हणतो, "वैद्यराज, हाड जोडणारे काही औषध द्या." या क्षणी आपण काय सांगतो, यावर त्याचा पाय व पुढील काही वर्षांची त्याची मिळकत अवलंबून असते. म्हणून या विषयाचा शास्त्रीय ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

असंहित भग्न म्हणजे काय?

प्रौढ व्यक्तीच्या जंघास्थीचा साधा भग्न सामान्यतः तीन ते पाच महिन्यांत भार पेलण्याइतका जुळतो. जुळण्याची क्रिया चालू आहे, परंतु अपेक्षेपेक्षा मंद आहे, अशा अवस्थेस विलंबित संधान म्हणतात. क्रिया थांबलेलीच असेल तर ते असंधान होय. अपघातानंतर नऊ महिने होऊनही हाड जुळलेले नाही आणि शेवटच्या सलग तीन महिन्यांत क्ष-किरण चित्रात काहीही प्रगती नाही, ही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८६ मध्ये स्वीकारलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. व्यवहारात मात्र नऊ महिने वाट पाहणे आवश्यक नाही. हाडाचा तुकडा गळून गेला असेल वा जखमेतून पू येत असेल, तर निर्णय त्यापूर्वीच घ्यावा लागतो.

लांब अस्थींमध्ये असंधान जंघास्थीतच अधिक आढळते. या हाडाची पुढील बाजू केवळ त्वचेखाली असते. तिला मांसाचे आवरण नाही. खालच्या तृतीयांश भागात रक्तपुरवठाही तुटपुंजा असतो. त्यामुळे हाड त्वचेबाहेर येऊन सव्रण भग्न होण्याचे व त्यात पाक होण्याचे प्रमाण येथे जास्त असते.

सुश्रुतोक्त विचार

सुश्रुत संहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात भग्नाचे सहा संधिमुक्त व बारा कांडभग्न असे प्रकार वर्णिलेले आहेत. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायाचा प्रारंभच कष्टसाध्यतेच्या विचाराने होतो, ही बाब लक्षणीय आहे. अल्प आहार घेणारा, असंयमी, वातप्रधान आणि उपद्रवांनी पीडित अशा रुग्णाचा भग्न कष्टाने बरा होतो, असा त्याचा आशय आहे. आजच्या परिभाषेत यालाच कुपोषण, व्यसन व मधुमेहासारखे सहव्याधी म्हणता येईल.

त्याच अध्यायातील आणखी चार सूत्रे असंधानाच्या दृष्टीने मननीय आहेत.

१) बंधन सैल असेल तर संधानास स्थैर्य येत नाही, अतिघट्ट असेल तर शोथ, वेदना व त्वचेचा पाक होतो. म्हणून साधारण म्हणजे मध्यम बंधन प्रशस्त होय.

२) भग्नस्थानी पाक होऊ नये यासाठी वैद्याने प्रयत्न करावा, मांस, सिरा व स्नायू पाक पावले तर तो भग्न कष्टसाध्य होतो.

३) संधान स्थिर होण्यास बाल्यात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ लागतो. वयानुसार काळ वाढतो, हे तत्त्व यातून घ्यावे. जंघेसारख्या मोठ्या अस्थीसाठी हा काळ किमान समजावा.

४) हाड वाकडे जुळले असेल तर ते पुन्हा मोडून, सम करून, नव्या भग्नाप्रमाणे उपचार करावेत. आज दुष्ट संधानासाठी शल्यचिकित्सक अस्थिछेदन करून हाड सरळ करतात, त्यामागील विचार हाच आहे.

जंघा व ऊरू यांच्या भग्नासाठी सांगितलेले कपाटशयन, म्हणजे फळीवर दोन्ही बाजूंना दोन-दोन व तळपायाशी एक अशा पाच खिळ्यांनी पाय निश्चल करण्याची योजना, पाहिली की ग्रंथकारांचा भर कशावर होता हे कळते. आंछन, पीडन, संक्षेप व बंध या चार उपक्रमांनंतरच लेप, परिषेक, स्नेह आणि आभ्यंतर औषधे येतात. प्रथम स्थैर्य, नंतर औषध, हा क्रम विसरता कामा नये.

असंधानाचे तीन प्रकार

क्ष-किरण चित्र पाहताना पुढील विभागणी ध्यानात ठेवल्यास चिकित्सेचा मार्ग सापडतो.

पहिला प्रकार अतिपुष्ट असंधानाचा. भग्नाच्या दोन्ही टोकांशी नवे हाड भरपूर तयार झालेले असते, टोके हत्तीच्या पायासारखी रुंद दिसतात. मात्र मधली फट भरत नाही. येथे रक्तपुरवठा व धातुनिर्मिती उत्तम असते, उणीव फक्त स्थैर्याची असते. आपल्या भाषेत हा शिथिल बंधनाचा दोष.

दुसरा प्रकार क्षीण असंधानाचा. टोके निमुळती व विरळ दिसतात, नवे हाड जवळजवळ नसते. येथे स्थैर्यही नाही आणि पोषणही नाही. हा अस्थिक्षयाचा प्रकार. अस्थी व वायू यांचा आश्रयाश्रयी संबंध इतर धातूंहून विपरीत आहे. वायू वाढला की अस्थी क्षीण होतो, असे वाग्भटाचार्य सांगतात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात याच अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली, याचा आपल्या परिसरातील वैद्यांना सार्थ अभिमान असावा.

तिसरा प्रकार सपाक असंधानाचा. नाडीव्रण, पू, ताप, मृत अस्थीचा तुकडा अथवा सैल झालेली सळई ही त्याची चिन्हे होत. यात प्रथम शोधन, नंतर संधान.

हे साम्य समजून घेण्यापुरतेच आहे. प्राचीन व अर्वाचीन संज्ञा तंतोतंत एक आहेत असा दावा नाही. मात्र तिन्ही प्रकारांना एकच औषध लागू पडणे शक्य नाही, हे यातून स्पष्ट व्हावे.

शल्यचिकित्सेतील पर्याय

अतिपुष्ट प्रकारात स्थैर्य वाढवले की हाड बहुधा आपोआप जुळते. जुनी सळई काढून, मज्जामार्ग थोडा कोरून, अधिक जाड सळई घालतात. कोरण्यामुळे निघालेला अस्थिचूर्णही संधानास साह्य करतो. काही रुग्णांत सळईचा एका टोकाचा स्क्रू काढून भार भग्नस्थानी पोहोचू दिला, किंवा आधीच जुळलेल्या अनुजंघास्थीचा छोटा भाग कापला, तरी पुरते.

क्षीण प्रकारात स्थैर्यासोबत अस्थिरोपण करावे लागते. रुग्णाच्याच श्रोणीच्या हाडातून घेतलेले मृदू हाड भग्नस्थानी भरतात. हे आजही सर्वांत विश्वसनीय रोपण समजले जाते.

सपाक प्रकारात मृत अस्थी व दूषित मांस काढून टाकणे, जंतुपरीक्षणानुसार प्रतिजैविके देणे आणि मग उरलेली पोकळी भरणे असे टप्पे असतात. फ्रान्समधील मास्केले यांच्या पद्धतीत पोकळीत प्रथम अस्थिसिमेंट ठेवतात. सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती रक्तवाहिन्यांनी युक्त पटल तयार होते. मग सिमेंट काढून त्या पटलाच्या पिशवीत अस्थिरोपण करतात.

हाडाचा मोठा भाग गेला असेल, पाय आखूड वा वाकडा झाला असेल, तर इलिझारोव्ह पद्धतीचा विचार होतो. सोव्हिएत रशियातील कुर्गान येथील डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह (१९२१-१९९२) यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. बारीक ताणलेल्या तारा हाडातून आरपार नेऊन त्या बाहेरील धातूच्या कड्यांना जोडतात. भग्नापासून दूर, निरोगी भागात हाड छेदून ते रोज सुमारे एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर असे सरकवतात. मागे राहणाऱ्या फटीत नवे हाड तयार होत जाते. इटालियन गिर्यारोहक कार्लो मौरी यांची जुन्या अपघातातील न जुळलेली नडगी १९८० मध्ये कुर्गानला या पद्धतीने जुळली, आणि १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांना इटलीत व्याख्यानासाठी पाचारण करण्यात आले. त्यानंतर ही पद्धत पाश्चात्त्य जगात पसरली. यात पायावर भार देता येतो, हा मोठा लाभ. परंतु चौकट अनेक महिने वागवावी लागते, तारांच्या छिद्रांची रोज स्वच्छता करावी लागते आणि रुग्णाचे मनोबल टिकवावे लागते. हे टिकवण्यात गावातील वैद्याचा वाटा फार मोठा असू शकतो.

ध्वनिलहरींच्या यंत्राविषयी रुग्ण विचारतात. ताज्या जंघास्थिभग्नात सळई बसवलेल्या ५०१ रुग्णांवरील चाचणीत, जिचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यापासून लाभ आढळला नाही. त्यामुळे शस्त्रकर्म टाळण्यासाठी अशा यंत्रावर मोठा खर्च करण्यापूर्वी रुग्णाने तज्ज्ञाचे मत घ्यावे.

आयुर्वेदीय औषधींचे स्थान

अस्थिशृंखला, म्हणजे आपली कांडवेल, हिच्यावर बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. के. एन. उडुपा व सहकाऱ्यांनी केलेले संशोधन १९६० च्या दशकात प्रसिद्ध झाले. प्राण्यांमधील ताज्या भग्नाचे संधान तिच्यामुळे लवकर होते असे त्यात दिसले. लाक्षा, अस्थिशृंखला, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व गुग्गुळ यांनी सिद्ध होणारा लाक्षादि गुग्गुळ आणि आभा गुग्गुळ यांचा अनुभव आपणा सर्वांस आहे. अस्थ्याश्रित व्याधींत तिक्तद्रव्यांनी सिद्ध क्षीर, सर्पी व बस्ती चरकाचार्यांनी सांगितले आहेत. क्षीण प्रकारात, रुग्णाचे बल व अग्नी पाहून, शस्त्रकर्माच्या जोडीने यांची योजना करणे युक्तिसंगत आहे.

तथापि ताज्या भग्नातील लाभावरून असंधानातील लाभ गृहीत धरता येत नाही. हलणारी टोके कोणतीही वटी स्थिर करू शकत नाही, आणि मृत अस्थी कोणताही काढा जिवंत करू शकत नाही. ही मर्यादा मान्य करण्यात शास्त्राचा कमीपणा नाही. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्म टाळलेले नाही.

आहाराबाबत आपले कार्य निर्विवाद आहे. दुधाने पू होतो, डाळी वातूळ असतात, अशा समजुतींमुळे घरातील मंडळी रुग्णाला भाकरी व ठेच्यावर ठेवतात. ग्रंथात मात्र शाली, मांसरस, दूध, तूप व वाटाण्याचे यूष पथ्य म्हणून सांगितलेले आहेत आणि अतिलवण, कटू, अम्ल, क्षार, रूक्षान्न व आतप वर्ज्य आहेत. तंबाखू, मिश्री व विडी बंद करणे हे तर औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. मधुमेह व ड जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करवून घ्यावी.

वैद्यांनी टाळावयाच्या गोष्टी

असंधानाच्या जागी मर्दन करू नये. प्लास्टर वा सळई असलेल्या पायास वरून घट्ट पट्टी बांधू नये. हाडवैद्याच्या घट्ट पट्टीने रक्तप्रवाह थांबून पाय गमावण्याची वेळ येते. नाडीव्रण असता बृंहण सुरू करून शोधन लांबवू नये. शस्त्रकर्म ठरले असल्यास चालू असलेल्या सर्व औषधांची यादी शल्यचिकित्सकास द्यावी, कारण गुग्गुळाचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.

औषधालय चालकांसाठी

'हाड जोडणारे औषध' मागणाऱ्या ग्राहकास चार प्रश्न विचारावेत : अपघातास किती महिने झाले? जखमेतून स्राव येतो का? मोडल्या जागी हालचाल वा भार देताना कळ जाणवते का? शेवटचे क्ष-किरण चित्र कधी काढले? तीन महिने उलटून प्रगती नसेल किंवा स्राव असेल, तर औषधाआधी अस्थिरोगतज्ज्ञाचा पत्ता द्यावा. बिनलेबलच्या, वेदना तत्काळ थांबवणाऱ्या पुड्या कदापि विकू नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे देशात वेळोवेळी उघडकीस आले आहे. स्टिरॉइडने वेदना कमी होते, पण संधानही मंदावते.

रुग्णाला कोठे पाठवावे?

खर्चाच्या भीतीने रुग्ण थांबतो, हे आपण जाणतो. ऊसतोडीस गेलेला मजूर तर हंगाम संपेपर्यंत पाय तसाच ओढत राहतो. छत्रपती संभाजीनगरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे १९५६ पासून मराठवाड्याची सेवा करणारी आपली घाटी, येथे अस्थिरोग विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. नियोजित शस्त्रकर्म योजनेत बसते किंवा नाही, हे शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारावे. रुग्णास चिठ्ठी देताना अपघाताची तारीख, झालेली शस्त्रकर्मे व आपण दिलेली औषधे त्यावर लिहावीत.

सम्यक् संधानाची लक्षणे सुश्रुताचार्यांनी नेमकी सांगितली आहेत : अंग आखूड नाही, उंचवटा नाही, हालचाल व प्रसारण सुखाने होते. हा पाय त्या अवस्थेस पोहोचावा, हेच आपले साध्य. तो आपल्या औषधाने पोहोचला की दुसऱ्याच्या शस्त्राने, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने गौण आहे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालय चालकांनी या दृष्टीने विचार करावा, ही नम्र विनंती.