वड्याचे तेल वांग्यावर

शिष्यवृत्तीच्या कामासाठी एका कचेरीत मी तिसऱ्यांदा गेलो होतो. खिडकीतल्या कारकुनाने "उद्या या" म्हणून कागद परत सरकवले. तिथे मी ब्रसुद्धा काढला नाही. घरी आल्यावर माझा चेहरा पाहून वडील म्हणाले, "जा, जरा लाकडं फोड. डोकं थंड होईल." प्रत्येक घावाला त्या कारकुनाचे तोंड डोळ्यांपुढे आणीत मी अर्धा तास कुऱ्हाड चालविली. तेवढ्यात धाकट्या भावाचा पाय लागून पाण्याचा तांब्या कलंडला, आणि मी त्याच्या थोबाडीत दिली.

हे असे का व्हावे? येल विद्यापीठातील जॉन डोलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली मांडले की, इच्छेच्या आड काही आले म्हणजे वैफल्य येते, त्यातून आक्रमक प्रेरणा उठते, आणि अडविणारा बलवान असेल तर ती दुबळ्यावर वळते. आपल्याकडच्या म्हणीने हे केव्हाच सांगून ठेवले आहे. असो.

प्रश्न उरतो लाकडांचा. राग म्हणजे कोंडलेली वाफ, वाट दिली की निघून जाते, असे आपण समजतो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडविले गेले. काहींनी चिडविणाऱ्याला मनात आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारले, काहींनी व्यायामाचा विचार करीत मारले, तर काही नुसते बसून राहिले. सर्वांत जास्त संतापलेले पहिले निघाले. सर्वांत कमी आक्रमक, नुसते बसलेले! म्हणजे मी लाकडे फोडीत नव्हतो, राग घोटवीत होतो.

शिवाय शरीराची खळबळ झटकन ओसरत नाही. डॉल्फ झिलमन यांच्या मते, धडधडते काळीज घेऊनच आपण पुढच्या प्रसंगात शिरतो आणि शिल्लक खळबळीचे खापर नव्या कारणावर फोडतो. माझ्या बाबतीत ते कारण म्हणजे एक तांब्या. २०२४ साली १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा संथ श्वसन, ध्यान, अंग सैल सोडणे यांनी राग उतरतो असे दिसले. धावण्याने मात्र तो वाढण्याकडेच कल होता. (वडिलांना हे सांगण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.)

भावाला मी दुसऱ्या दिवशी जवळ घेतले. तरी मी कुऱ्हाड उचलली की तो अजून अंगणातून घरात निघून जातो.