कयाक घेताय? आधी तिथी बघा!

गेल्या वर्षीची भाऊबीज मी जन्मात विसरणार नाही. ओवाळणं, जेवणं उरकली आणि दुपारी ३ वाजता माझा धाकटा भाऊ आमच्या लेकाला घेऊन भाट्याच्या खाडीत उतरला. कयाक नवी, ह्यांनी आठवड्यापूर्वीच हौसेनं आणलेली. दहा मिनिटांत ती खाडीच्या मुखाकडे वाहायला लागली. दोघं जिवाच्या आकांतानं वल्ही मारताहेत, पण कयाक समुद्राकडेच! आणि लाइफ जॅकेटं? ती गाडीच्या डिकीत!

शेवटी एका होडीवाल्या काकांनी दोर टाकून त्यांना काठाला आणलं. मला म्हणाले, "वहिनी, आज तिथी कुठली, बघितलीत का?"

मैत्रिणींनो, हिशेब अगदी सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, म्हणजे भरती दीडला. नंतर सुमारे सहा तास ओहोटी, आणि अमावास्या नुकतीच झालेली, म्हणून उधाणाचा जोर! नेमकी वेळ मात्र तिथल्या मच्छिमारांनाच विचारावी.

विकत घेताना : नवशिक्यांनी आत बसायची नव्हे, वर बसायची कयाक घ्यावी. तिच्यात शिरलेलं पाणी भोकांतून निघून जातं आणि उलटली तरी पुन्हा चढता येतं. एकट्याची साधारण २० ते २५ किलो भरते. दोघांची त्याहून जड. ती उचलणार कोण, ठेवणार कुठे, हे आधी ठरवा. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट त्याच दिवशी घ्या. बंद लावून खांद्याशी वर ओढावं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. त्याला एक शिट्टी बांधा.

नेताना : टपावरच्या कॅरिअरवर जुनी गोधडी घालून कयाक पालथी ठेवा. रुंद पट्ट्यांनी बांधा, पण करकचून नको, प्लास्टिक दबतं. पुढचं-मागचं टोकही दोरीनं बांधा.

निगा : खाऱ्या पाण्यातून आणल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, सुकवून सावलीत ठेवा. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं.

पाण्यात : पहिले दोन-चार दिवस कमरेएवढ्या संथ पाण्यात मुद्दाम उलटून पुन्हा चढायचा सराव करा. जाताना प्रवाहाविरुद्ध जावं, म्हणजे दमून परतताना पाणीच साथ देतं. उलटलात तर कयाक सोडून पोहत सुटू नका. ती तरंगते, लांबूनही दिसते. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर उतरूच नका. पावसाळ्यात तर नावच नको! आणि किती वाजता परतणार, हे काठावरच्या माणसाला सांगून जा.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी भरतीची वेळ लिहिलेली असते. जॅकेट घातल्याशिवाय वल्हं हातात मिळत नाही. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत. येत्या भाऊबीजेला भावासाठी मी शर्टपीस नाही, शिट्टी आणून ठेवली आहे!