पाटीवरचे नाव कोणाचे?

उन्हाळ्याच्या दिवसांत तालुक्याच्या एस.टी. स्टँडबाहेर पडलात की आधी घुंगरांचा आवाज येतो आणि मग रसवंतीगृह दिसते. पाटी न वाचताच तुम्ही नाव सांगाल. कानिफनाथ, नाही तर नवनाथ! पुरंदर तालुक्यातली कितीतरी कुटुंबे या धंद्यात आहेत, कानिफनाथ हे त्यांचे श्रद्धास्थान, म्हणून तेच नाव गावोगाव गेले. एका रसवंतीने दुसरीला नावावरून कोर्टात खेचल्याचे काही कोणाच्या ऐकिवात नाही. गिऱ्हाईकही फसत नाही. ते पाटी बघून येत नाही, घाण्यातून पडणारा ताजा रस बघून येते.

पण सगळ्याच पाट्यांचे नशीब असे नसते. पुण्याच्या कॅम्प भागातल्या एका पाटीने पुण्याचे जिल्हा न्यायालय, मुंबईचे उच्च न्यायालय आणि दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय अशी तिन्ही पाहिली. ती पाटी ‘बर्गर किंग’ या नावाची. बर्गर म्हणजे पावाच्या दोन फाकांत टिक्की घालून केलेला पदार्थ. आपल्या वडापावाचा परदेशी मावसभाऊ म्हणा ना! पुण्यातल्या एका इराणी कुटुंबाने १९९२ च्या सुमारास या नावाने हॉटेल सुरू केले. अमेरिकेत याच नावाची एक फार मोठी कंपनी १९५४ पासून आहे आणि जगभर तिची हजारो दुकाने आहेत. पण भारतात तिचे पहिले दुकान उघडले ते २०१४ साली. म्हणजे पुण्यातली पाटी त्याआधी बावीस वर्षे ऊनपाऊस खात उभी होती.

अमेरिकन कंपनीने नाव भारतात नोंदवून ठेवलेले होते. त्या नोंदीच्या बळावर तिने २०११ साली पुण्यात दावा लावला की, हे नाव आमचे आहे, ते वापरू नका, भरपाई द्या. तेरा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, जिल्हा न्यायालयाने तो दावा फेटाळला. पुण्याचे हॉटेल आधीपासून हे नाव वापरत आहे आणि त्यामुळे गिऱ्हाइकांचा घोटाळा झाल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयाला दिसले. हॉटेलवाल्यांनीही त्रास झाला म्हणून उलट भरपाई मागितली होती. तीही पुराव्याअभावी मिळाली नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते तर ते कोर्टाचे प्रकरण कसले! कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना हे नाव वापरायला मनाई केली. पुढे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली आणि अपील उच्च न्यायालयात चालवायला मोकळीक ठेवली. एका पाटीसाठी एवढी धावाधाव!

आता तुम्ही म्हणाल, नोंद कंपनीची असताना न्यायालयाने पुण्याच्या हॉटेलाचे ऐकून तरी का घेतले? शेतकऱ्याला हे समजावून सांगायला वकील नको. सात-बारा एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची, असे तंटे आपल्या गावात कमी का आहेत? मार्क्याचेही थोडेफार तसेच आहे. नोंदणी म्हणजे सात-बारा आणि रोजचा वापर म्हणजे वहिवाट. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात ३४ वे कलम आहे. नोंदणीवाल्याचा वापर किंवा त्याची नोंद, यांपैकी जे आधीचे असेल त्याच्याही आधीपासून एखादा माणूस ते नाव सतत वापरत असेल, तर नोंदणीवाल्याला त्याला अडवता येत नाही. खरा झगडा असतो तो ‘आधी’ म्हणजे कधी आणि ‘सतत’ म्हणजे किती, या दोन शब्दांवर. म्हणूनच असल्या दाव्यात जुन्या बिलांना आणि परवान्यांना सोन्याचा भाव येतो.

या कंपनीला असा अनुभव काही पुण्यात पहिल्यांदा आला नाही. अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात मॅटून नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या एका नवराबायकोने आपल्या आइस्क्रीमच्या दुकानाला हेच नाव दिले होते आणि १९५९ साली राज्याच्या दफ्तरी नोंदवलेही होते. मोठी कंपनी नंतर त्या राज्यात आली. १९६८ साली तिथल्या अपील न्यायालयाने निवाडा दिला, तो आपल्या एखाद्या जाणत्या पंचाला शोभावा असा आहे: मॅटूनभोवती वीस मैल, म्हणजे सुमारे बत्तीस किलोमीटर, हे नाव त्या कुटुंबाचे, बाकी सारे राज्य कंपनीचे. ऑस्ट्रेलियात तर ॲडलेडच्या एका दुकानाने नाव आधीच घेतलेले होते, म्हणून १९७१ पासून कंपनीची दुकाने तिथे ‘हंग्री जॅक्स’ या वेगळ्याच नावाने चालली.

मलेशियातली गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटेल. क्वालालंपूरमध्ये १९९९ साली ‘मॅककरी’ नावाचे हॉटेल निघाले. तिथे काय मिळे? रोटी, तंदुरी कोंबडी आणि माशाच्या डोक्याचा झणझणीत रस्सा. ‘मॅक’ हा आमच्या नावाचा तुकडा आहे, असे म्हणत मॅकडोनाल्ड कंपनीने २००१ साली दावा लावला. हॉटेलवाले म्हणाले, आमचे नाव ‘मलेशियन चिकन करी’ यावरून घेतले आहे. २००६ साली कंपनी जिंकली. पण एप्रिल २००९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. मॅककरीच्या पाटीवर कंपनीची ती पिवळी कमान नाही, अंगठा वर करून हसणारी कोंबडी आहे. पदार्थ वेगळे आहेत. येणारे गिऱ्हाईक ओळखून येते. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीला पुढे जाऊ दिले नाही.

याचा अर्थ लहान दुकानदार नेहमी जिंकतो, असा घेऊ नका. हे लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षे तारखा करत राहिले. तेवढी ताकद आणि तेवढा पैसा सगळ्यांकडे असतो थोडाच? शिवाय जो जाणूनबुजून मोठ्यांच्या नावात एखादी मात्रा इकडची तिकडे करून, तोच रंग, तीच अक्षरे वापरून माल खपवू पाहतो, त्याला न्यायालय जवळ करत नाही आणि करूही नये. बियाण्याच्या पिशवीवरचे एक अक्षर बदलून बोगस माल गळ्यात मारणाऱ्याने आपले काय हाल केले असते, हे आठवा म्हणजे झाले. आपल्या आजीला अक्षर वाचता येत नव्हते, पण डबीवरचे चित्र बघून ती नेमकी वस्तू मागायची. तो तिचा विश्वास होता, आणि मार्क्याचा कायदा मुळात त्या विश्वासाच्या राखणीसाठी आहे.

हे झाले नाव कोणाचे याविषयी. पण पाटीचा दुसराही एक तंटा असतो आणि मला तो पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. नाव आपलेच असते, कोणाचे चोरलेले नसते; पण ते वाचून शेजाऱ्याच्या काळजात कळ उठते. त्याचे काय करायचे?

ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईत, खारघरला, ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे हॉटेल उघडले. आत हिटलरचे मोठे चित्र आणि पाटीवर त्याच्या पक्षाचे चिन्ह. त्या चिन्हाबद्दल गैरसमज नको. आपण दारात, धान्याच्या कणगीवर, लग्नपत्रिकेवर काढतो ते स्वस्तिक मंगलाचे आहे आणि ते हजारो वर्षांचे आहे. हिटलरने तसलाच आकार तिरका करून आपल्या झेंड्यावर घेतला आणि त्या झेंड्याखाली सुमारे साठ लाख ज्यू माणसे, त्यांत लहान पोरेसुद्धा, ठरवून मारली गेली.

हॉटेलमालकाचे म्हणणे एवढेच होते की, लोकांचे लक्ष वेधेल असे वेगळे नाव हवे होते. हिटलरचा गौरव करायचा नव्हता. खरेही असेल. पण खारघर कोणत्या जिल्ह्यात येते, ठाऊक आहे ना? रायगड. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावला, आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेली माणसे इथलीच झाली, असे बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कोकणातल्या खेड्यांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. मराठी ही त्यांची घरची बोली. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे. त्यातले बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेले, तरी मुंबई, ठाणे आणि रायगडात काही घरे राहिली. अशा माणसाला बाजाराच्या रस्त्यावर आपल्या जातभाईंच्या खुन्याचे नाव मिठाईच्या दुकानासारखे दिव्यांनी सजवलेले दिसावे, हे त्याला कसे वाटेल?

मुंबईच्या ज्यू मंडळींनी निषेध केला, इस्रायलच्या आणि जर्मनीच्या वकिलातींनीही आपली नाराजी कळवली. काही दिवसांतच मालकाने ते नाव काढून हॉटेलचे नाव ‘क्रॉस कॅफे’ केले. खटला नाही, दंगा नाही, दगडफेक नाही. लोक भेटले, बोलले आणि पाटी उतरली. पुण्याच्या तेरा वर्षांच्या दाव्याशेजारी हे ठेवून पाहा.

अमेरिकेत ‘सांबोज’ नावाच्या हॉटेलांची मोठी माळ होती. तिची कथा जास्त लांबली. १९५७ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे दोन भागीदारांनी, सॅम बॅटिस्टोन आणि न्यूवेल बोनेट यांनी, आपापल्या नावांचे तुकडे जोडून हे नाव केले. इथवर ठीक. पण याच नावाचे एक गोष्टीतले पोर प्रसिद्ध होते. हिंदुस्थानात राहिलेल्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी १८९९ साली ती गोष्ट लिहिली. तिच्यात वाघ भांडत झाडाभोवती इतके धावतात की त्यांचे तूप होते, आणि पोराची आई त्या तुपात धिरडी करते! भागीदारांनी भिंतींवर तो पोरगा आणि वाघ रंगवले. धिरड्यांचे हॉटेल आणि तुपाची गोष्ट, जोड झकास जमली.

अडचण एकच. अमेरिकेत गोरा माणूस काळ्या माणसाला हिणवताना ‘सांबो’ म्हणत असे. गुलामगिरीच्या दिवसांपासून तो शब्द शिवीसारखा वापरलेला. १९७० नंतरच्या दशकात हॉटेलांची संख्या अकराशेच्या वर गेली, तशी नव्या नव्या गावांतून तक्रार उठू लागली. काही ठिकाणी नाव बदलून ‘जॉली टायगर’ करावे लागले. मालक म्हणत, आमचा हेतू तसा नव्हता. पण शिवी बसते ती ऐकणाऱ्याला, आणि त्याला हेतू दिसत नाही, पाटी दिसते. १९८१ साली कंपनीचे दिवाळे निघाले. केवळ नावामुळे निघाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. आतला कारभारही बिघडला होता. सांता बार्बराचे मूळ हॉटेल मात्र त्याच नावाने चालू राहिले. अखेर २०२० साली, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी अमेरिकेत मोठी चळवळ उठली तेव्हा, संस्थापकाच्या नातवाने ती पाटी उतरवली आणि तिथे स्वतःचे साधे नाव लावले: ‘चॅड्स’.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? ट्रेडमार्क कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावणारे, बीभत्स किंवा अश्लील असे नावचिन्ह नोंदवले जात नाही. देवाधर्माची नावे सर्वांची असतात, हेही विसरू नका. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचे करू मागणाऱ्याला २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. बाईचे हिणकस चित्र वेष्टनावर किंवा जाहिरातीत छापणे हा १९८६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण जातीवरून टोमणा मारणारे नाव, काळ्या रंगाची थट्टा, अपंगाचे विनोदी चित्र, असल्या कितीतरी गोष्टी नोंदणीच्या टेबलापर्यंत जातच नाहीत. त्या थेट पाटी रंगवणाऱ्याकडे जातात. तिथे आपणच बोलायला हवे.

बचत गटाच्या भगिनींनो, तुमच्या मसाल्याचे, पापडाचे, काकवीचे नाव ठरवायला बसाल तेव्हा गटातल्या सगळ्यांना ते मोठ्याने वाचून दाखवा. आळीतल्या, वाडीतल्या, वस्तीवरच्या बायकांनाही ऐकवा. कोणी मान खाली घातली तर ते नाव तिथेच सोडा. मग पोराला मोबाइलवर ट्रेडमार्क कार्यालयाच्या सरकारी वेबसाइटवर शोध घ्यायला सांगा. तेच किंवा तसलेच नाव त्याच मालासाठी कोणी घेतले आहे का, ते तिथे फुकट बघता येते. लेबलांचा गठ्ठा छापून आल्यावर शोधण्यापेक्षा आधी शोधलेले बरे.

नोंदणी करायची तर २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडते. इतरांना ९,००० रुपये. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात येतात, हॉटेल ४३ व्या. अर्ज मान्य झाल्यावर तो सरकारी जर्नलमध्ये छापतात आणि हरकत घ्यायला चार महिने देतात. नोंद होण्याआधी नावापुढे ‘टीएम’ लिहिता येते, पण वर्तुळातला ‘आर’ छापू नका. नोंद नसताना तो लावणे गुन्हा आहे.

आणि नोंदणी करा वा करू नका, पहिले लेबल, छापखान्याचे पहिले बिल, जत्रेतल्या किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, पाटीसमोर काढलेला फोटो, हे सगळे तारखेसकट एका पिशवीत घालून सात-बाराच्या उताऱ्याशेजारी पेटीत ठेवा. नोंद झालेले नाव दहा वर्षे टिकते; मुदत संपण्याआधी पुन्हा फी भरावी लागते, तेव्हा ती तारीखही त्याच पिशवीवर लिहा.