दगडातील मसूर

मुलांनो, इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडजवळ दगडांत मसुरासारख्या चकत्या दिसतात. मजुरांचे उरलेले अन्न दगड झाले, असे लोक सांगत. ग्रीक लेखक स्ट्रॅबोने ते लिहून ठेवले. खरे पाहता ती समुद्रातील एकपेशीय जीवांची कवचे! नाण्यासारखी दिसतात म्हणून नाव पडले न्युम्युलाइट्स.

१८२६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ दोर्बिन्यी याने अशा सर्व जीवांना 'फोरामिनिफेरा', म्हणजे छिद्रे धारण करणारे, हे नाव दिले. तो त्यांना माखलीचे नातलग समजत होता. १८३५ साली द्यूजार्दँने ही समजूत खोडून काढली. वर्ग बदलला, नाव तेच राहिले.

कवच चुन्याचे की वाळूचे कण चिकटवून केलेले, त्यातील कप्पे कसे मांडलेले, यांवरून त्यांचे गट पाडतात. आता डीएनएही तपासतात. गोड्या पाण्यातील रेटिक्युलोमिक्साला कवचच नाही, तरी तोही यांच्यातलाच ठरला.