डायल पुसण्याआधी थांबा



बाबा गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी त्यांचं चावीचं घड्याळ सापडलं, एचएमटी 'जनता'. चावी दिली आणि टिकटिक सुरू झाली! पण डायल पिवळी पडली होती, कडेला डाग होते. काच सैल होती, ती निघाली. मी ओल्या कापसाने डाग पुसायला गेले. डाग तसाच राहिला, 'जनता' हे नाव मात्र अर्धं पुसलं गेलं. आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीची मनगटी घड्याळं बनू लागली. कुणाला लग्नात मिळालेलं, कुणी पहिल्या पगारात घेतलेलं असं घड्याळ आपल्यापैकी अनेकींच्या घरी असेल. म्हणून माझी चूक तुम्हाला सांगते.

डायल म्हणजे बहुधा पितळेची पातळ चकती. तिच्यावर रंग किंवा मुलामा, त्यावर छापलेली अक्षरं आणि वरून लाखेसारखा पारदर्शक थर. सैल काचेतून किंवा चावीच्या फटीतून दमट हवा आत शिरते आणि हा थर पिवळा पडतो, पोपडे धरतो. पाणी, साबण, स्पिरिट लावलं की थरासोबत छपाईही निघते. गेलेली अक्षरं परत येत नाहीत.

दुसरं कारण जिवाशी निगडित आहे. 1960 च्या दशकापर्यंत काही परदेशी घड्याळांच्या आकड्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. 1920 च्या सुमारास अमेरिकेतल्या कारखान्यांत तरुण मुली हा रंग भरत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. कित्येकींचे जबडे सडले, कित्येक दगावल्या. पुढे त्यांच्यातल्या काही जणी कोर्टात लढल्या. तो रंग आज चमकत नसला, तरी त्याचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षं राहतो. म्हणून असं जुनं घड्याळ घरी उघडू नका, आकडे खरवडू नका.

मग करायचं काय? जाणत्या घड्याळजीकडे जा आणि आधीच ठरवून घ्या. डायलवरची धूळ फुंकणीने किंवा मऊ ब्रशने काढायची, की जुना रंग काढून ती नव्याने रंगवायची? नव्याने रंगवली तर घड्याळ चकचकीत दिसतं, पण मूळ अक्षरं जातात आणि संग्राहकांकडे किंमतही बहुतेक वेळा घटते. आधी फोटो काढून ठेवा. डायल बदलली, तर जुनी परत मागून घ्या. काच मात्र जरूर बदला, म्हणजे दमट हवेची एक वाट बंद होईल.

बाबांची डायल मी रंगवून घेतली नाही. फक्त नवी काच बसवली. अर्ध्या नावाचं ते घड्याळ आई आता रोज सकाळी चावी देऊन उशाशी ठेवते.