बातमीचे चित्र आणि मधला वेळ

घडले की दिसले, अशी दूरचित्रवाणीच्या बातम्यांबद्दल आज मुलांची समजूत असते. १९७० च्या सुमारास तसे नव्हते. त्या काळी दूर देशांतल्या घटनांची चित्रे घरात पोचायला दोन वाटा होत्या. एका वाटेने एक-दोन दिवस लागत, तर दुसरीने पाव सेकंद. कोणती घटना कोणत्या वाटेने येणार, हे घटनेच्या महत्त्वापेक्षा कॅमेऱ्याच्या वजनावर जास्त ठरत असे.

पहिली वाट फिल्मची. व्हिएतनामच्या युद्धाचे चित्रण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होई. ४०० फुटांचा एक डबा म्हणजे जेमतेम अकरा मिनिटे. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांवर प्रकाश पडला तरी चित्र लगेच दिसत नाही. ते अंधारात, रसायनांत धुवून काढावे लागते. मग सायगावहून सुटणाऱ्या विमानात डबा चढवायचा, टोकियोला किंवा थेट अमेरिकेत तो धुवायचा, नको ते कापायचे, निवेदन जोडायचे. बातमी फार तातडीची असेल, तर टोकियोहून उपग्रहामार्फत पुढे पाठवायची. उपग्रहाचा वेळ महाग असल्याने हा मान थोड्याच बातम्यांना मिळे. म्हणजे अमेरिकेतले कुटुंब रात्री जेवताना जी चकमक पाहत होते, ती बहुधा आदल्या किंवा त्याच्याही आदल्या दिवसाची असे.

मग इलेक्ट्रॉनिक कॅमेरेच का नेले नाहीत? ते अवजड होते, केबलने गाडीला जोडलेले असत आणि चित्र साठवणारे टेपयंत्र कपाटाएवढे असे. भातखाचरात ते न्यायचे कसे? त्यामुळे थेट प्रक्षेपण होई ते कॅमेरे आधीच मांडून ठेवलेल्या जागेचे. म्हणजेच आधी ठरलेल्या घटनेचे.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची चीनभेट हे याचे चांगले उदाहरण. त्यांच्यासाठी उपग्रहाशी संपर्क साधणारे भूकेंद्र आधीच पेकिंगला उभे केले होते. २१ फेब्रुवारी १९७२ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास त्यांचे विमान उतरले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. लोक घरी, टीव्हीसमोर. (भूगोलाच्या तासाला रेखांशांवरून हा फरक मुलांकडून काढून घ्यावा. हा योगायोग होता का, हेही विचारावे!)

उपग्रहाच्या वाटेचे गणित सोपे आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला निदान ७२,००० किलोमीटर अंतर. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे ०.२४ सेकंद. खरी अडचण वेगळीच होती. पश्चिम युरोपात साधारणपणे चित्र ६२५ रेषांचे आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका आणि जपानमध्ये रेषा ५२५, चित्रे ३०. दर सेकंदाला पाच चित्रे जास्तीची आणायची कुठून? त्यासाठी आलेले चित्र क्षणभर साठवून नव्या मापात बसवणारे परिवर्तक लागत. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळी बीबीसीने असे इलेक्ट्रॉनिक परिवर्तक वापरले होते.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठीही अशीच सगळी सज्जता होती. पण ५ सप्टेंबरच्या पहाटे जे घडले ते ठरलेले नव्हते. ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी गटाचे आठ बंदूकधारी क्रीडाग्रामात शिरले. त्यांनी इस्रायलच्या दोघांना ठार केले व नऊ जणांना ओलीस धरले. खेळांसाठी आणलेले कॅमेरे त्या इमारतीकडे वळले. दुपारनंतर खेळाडूंसारखे ट्रॅकसूट घातलेले सशस्त्र पोलीस छपरावर चढले, तेही पडद्यावर दिसले. खेळाडूंच्या खोल्यांतही टीव्ही होते, आणि इमारतीची वीज तोडलेली नव्हती. आपली हालचाल आतल्यांना दिसते आहे हे लक्षात आल्यावर पोलिसांना तो बेत सोडावा लागला.

रात्री विमानतळावरचा दुसरा प्रयत्न फसला. तरीही सगळे ओलीस सुटल्याची बातमी आधी जगभर गेली. खरी बातमी काही तासांनी, पहाटे तीननंतर आली: सर्व नऊ ओलीस मरण पावले होते. फिल्मच्या वाटेत डबा धुवून होईपर्यंत खातरजमेला वेळ मिळे. इथे तो उरला नव्हता.

आपल्याकडे नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ साली देशाचे पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले. पण चित्रे दाखवायची कुणाला? टीव्ही तेव्हा फक्त दिल्लीत होता. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्युनिकनंतर चार आठवड्यांनी. डिसेंबर १९७१ मधली ढाक्याची शरणागती महाराष्ट्राने रेडिओवर ऐकली आणि पाहिली ती नंतर, सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी लागणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटात.

पुढे कॅमेरा हलका होत गेला. १७ मे १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पोलीस व एका सशस्त्र गटातली चकमक हातात धरायच्या कॅमेऱ्याने थेट दाखवली गेली. आता कॅमेरे आधी मांडून ठेवण्याची गरज उरली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा हेलिकॉप्टरमधून नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरणारे कमांडो देशभर थेट दिसत होते, आणि हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारे सीमेपलीकडचे लोकही टीव्ही पाहत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण दाखवायचे नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून माहिती देईल तेवढीच सांगायची.