शेजाऱ्याचें मौन

जोंधळा हुरड्यास आला म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकरी रानडुकरांच्या भयानें माळ्यावर जागलीस बसतो. शेजारच्या माळ्यावरून मधून मधून आरोळी येते. तो तिला उत्तर देतो. आरोळी थांबली म्हणजे कांहीं तरी बिघडलें. परंतु किती आरोळ्या चुकल्यावर उठावें? संगणकांच्या जाळ्यांतील राउटरपुढें हाच प्रश्न असतो.

राउटर म्हणजे संदेशांना वाट दाखविणारें यंत्र. समजा, यवतमाळ व दारव्हा येथील राउटर प्रकाशतंतूनें जोडलेले आहेत आणि नेरवरून दुसरी वाटही आहे. थेट तंतु तुटला तर संदेश तत्काळ नेरमार्गें वळले पाहिजेत. तंतु राउटरलाच जोडलेला असेल तर प्रकाश थांबतांच बिघाड कळतो. पण मध्यें स्विच असेल तर पलीकडचा तंतु तुटूनही अलीकडचा दिवा जळतच राहतो. माळ्यावर कंदील जळत आहे, राखणदार मात्र निजलेला!

मग आधार उरतो तो आरोळ्यांचाच. ‘ओएसपीएफ’ पद्धतींत राउटर सामान्यतः दर 10 सेकंदांनीं ‘हॅलो’ पाठवितो, व 40 सेकंद कांहींच ऐकूं आलें नाहीं तरच शेजारी गेला असें मानतो. तोंवर संदेश तुटलेल्या वाटेनेंच जाऊन नष्ट होतात. खेड्यांतील रुग्णाचें दूरच्या डॉक्टराशीं चाललेलें बोलणें तुटण्यास एवढा अवधि पुरेसा आहे.

यासाठीं ‘बीएफडी’ ही पद्धति 2010 सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. हिचें काम एकच: शेजारी जिवंत आहे कीं नाहीं, हें पाहणें. दर 50 मिलिसेकंदांनीं संकेत ठरविला व लागोपाठ तीन चुकले, तर सुमारें 150 मिलिसेकंदांत निर्णय होतो.

ही योजूनही विलंब होत असेल तर तीन गोष्टी तपासाव्या. पहिली, दोन्ही टोकांस ती चालू आहे काय, आणि मधली एखादी सुरक्षा-चाळणी तिचे संकेत अडवीत नाहीं ना? दुसरी, ओएसपीएफला तिचा निर्णय मानण्याची आज्ञा दिली आहे काय? तिसरी गोष्ट बहुधा नजरेंतून सुटते: वेग मंद बाजूचा ठरतो. यवतमाळचा राउटर 50 मिलिसेकंदांनीं पाठवूं इच्छितो, पण दारव्ह्याचा एका सेकंदाहून लवकर ऐकण्यास तयार नाहीं. तर संकेत सेकंदालाच जातो, व दारव्ह्यास बिघाड कळण्यास तीन सेकंद लागतात. म्हणून एकाच टोकाचे आंकडे पाहून समाधान मानूं नये.

मात्र अवधि अतिशय कमी केल्यास कामांत गुंतलेला राउटर संकेत चुकवितो आणि धडधाकट वाट तुटली असें ठरतें. पान हाललें कीं ओरडणाऱ्या राखणदाराचा गांवाला काय उपयोग?